एका वजनाला अर्थ नसतो

डॉ. सुभद्राबाई मांडवगडे यांच्या घरी गेलं की नमस्कार नंतर, आधी वजन.

यवतमाळला त्यांचं कौलारू घर होतं आणि ओसरीच्या दारातच एक अवाढव्य वजनकाटा होता. बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. पूर्वी त्यावर कापसाचे बोजे चढत. बाईंनी तो अशा बेतानं ठेवला होता की त्याच्या लोखंडी फळीवर पाय दिल्याशिवाय घरात शिरताच येत नसे. पोस्टमन, दूधवाला, कॉलेजचे प्राचार्य, सगळे त्या फळीवरून आत जात. बाई समोर उभ्या राहून आडव्या दांडीवरचं वजन चिमटीनं सरकवत आणि आकडा मोठ्यानं म्हणत. कोणी संकोचानं चपला काढू लागला की म्हणत, "राहू द्या, राहू द्या. टोपीही राहू द्या. जाताना हेच घालून जाणार ना? मग झालं."

कारण जातानाही वजन असायचंच. "एका वजनाला अर्थ नसतो," असं त्या दिवसातून कितीदा तरी म्हणत. "येतानाचं आणि जातानाचं, दोन लागतात. मधे जे झालं ते शास्त्र."

एकदा नगरपालिकेचे एक कारकून कराच्या कामासाठी आले. अंगणातून ओसरीत आले, वजन दिलं, गप्पा झाल्या, मागच्या आडावर हात धुऊन आले आणि निघाले. जाताना वजन वाढलेलं. बाईंनी दांडी पुन्हा पाहिली. "तुम्ही माझ्याकडे चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. हवा खाऊन माणूस वाढत नाही. कोटाच्या खिशात काय आहे?" कारकुनांच्या खिशातून बाईंच्या झाडाची लिंबं निघाली. बाईंना राग आला नाही. काटा बरोबर चालतो याचा आनंद झाला. "न्या, न्या," म्हणाल्या, "पण आधी वजनात तरी धरा."

गाव तेव्हा माणसाचं वजन अजून पौंडात सांगायचं आणि बाई किलोत. त्यामुळे आपलं वजन ऐकून लोक खचत. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ घरी जाऊन बायकोला म्हणाले होते की माझं निम्मं अंग कुठं गेलं कोण जाणे.

बाईंना लोक डॉक्टरीणबाई म्हणत, पण त्या औषध देत नसत. त्या शरीरक्रियाशास्त्राच्या डॉक्टर. आपलं हृदय, फुप्फुसं, कातडी रोजच्या रोज काम कसं करतात, ते तपासणाऱ्या. हे लोकांना समजावणं अवघड होतं. खेड्यावरून बैलगाडी करून लोक यायचे.

"डाक्टरीनबाई, आंग लय तापून राह्यलं."

"मी आजारी माणसांची डॉक्टर नाही. मी धडधाकट माणसांची डॉक्टर आहे."

"धडधाकट मानसाले डाक्टर कायले लागते?"

"तेच तर शोधते आहे मी इतकी वर्षं," बाई म्हणत, आणि टांगा बोलावून त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन जात. मात्र निघण्यापूर्वी त्याचं वजन घेत.

मी कोण, हे सांगायला हवं. मी घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. बोलताना अडखळतो, लिहितानाही थोडं तसंच होतं. बाईंवर कोणा मोठ्या माणसानं लिहायला हवं होतं असं मला वाटतं, पण मोठी माणसं त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलेली नाहीत. मी राहिलो.

मी यवतमाळला आलो तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याआधी मध्यप्रदेशात होता आणि नंतर महाराष्ट्रात आला. बाई म्हणायच्या, "मी जागची हलले नाही आणि तीन राज्यांत नोकरी केली." मला खोली हवी होती. काही घरी विचारलं. "कुठले?" या प्रश्नापर्यंत बोलणं चांगलं चालायचं, मग खोली भाचा येणार म्हणून अडलेली असायची. बाईंकडेही तोच प्रश्न आला, पण मी काट्यावर उभा असताना.

"नाव?"

"गोविंद राठोड."

"कुठला?"

"घाटंजीकडचा... तांड्यावरचा."

"उन्हात चालतोस?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे... शाळा घाटंजीला होती. पायी येत-जात होतो."

"भर दुपारी?"

"शाळा दुपारीच सुटायची."

"डोक्यावर काही?"

"नाही."

"आणि पाणी?"

"वाटेत नाला होता. उन्हाळ्यात नसायचा."

मी पहिला वर्ग मिळाल्याचं सांगितलं असावं तशा त्या खुलल्या. "मागची खोली घे," म्हणाल्या. "भाडं सावकाश ठरवू. आधी उतर, तुझी नाडी बघू दे."

आमचे वाडवडील बैलांच्या तांड्यावर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, हे एकदा मी सहज बोललो. बाई खुर्चीवरून उठल्याच आणि ओसरीत येरझाऱ्या घालू लागल्या. "म्हणजे तुझ्या पणज्यानं इथवर मीठ पोचवलं, ते लोकांनी खाल्लं, आणि आता उन्हात सगळे ते घामातून गाळतायत. राठोड, तुमच्या घराण्याचा माल शेवटी कुठं गेला, ते मी मोजते आहे!" मला हसावं की नाही कळेना. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे माझ्या याडीला, म्हणजे आईला, सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, "मंग बाईपाशी नीट राह्य. आपल्याच कामातली हाय थे."

बाई मूळच्या कळंबच्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी शिकते म्हणून शिकू दिली, ती शिकत नागपूरला गेली, मग मुंबईला गेली आणि शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात एकटीच बाई म्हणून बसली. पुढे जिथं संशोधनाला लागली तिथल्या प्रयोगशाळेत बाईला बसवायचं कुठं, हे कोणाला ठरवता येईना. शेवटी टेबल मिळालं ते जिन्याखाली, भट्टीच्या भिंतीला लागून. तिथं कोणी उभंही राहत नसे. बाई हे सांगताना तक्रार करत नसत. "त्यांनी मला भट्टीपाशी बसवलं. मी भट्टीचाच अभ्यास केला," एवढंच म्हणत. उष्णतेत माणसाच्या शरीराचं काय होतं, हा त्यांचा विषय तिथून सुरू झाला.

महायुद्धाच्या काळात सैनिकांना उन्हात पाणी किती द्यायचं, असा प्रश्न निघाला. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं की उष्ण देशातल्या माणसाला सवय असते, त्याला घाम कमी येतो, पाणी कमी लागतं. बाईंनी माणसं काट्यावर चढवली, चालवली, पुन्हा चढवली. उत्तर उलटं आलं. सवयीचा माणूस लवकर घामतो आणि जास्त घामतो. "घाम ही कमजोरी नाही, शरीराची हुशारी आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमचे प्राचार्य सांगायचे की आपल्याकडच्या कष्टकरी माणसांवर हे असं मोजून दाखवणाऱ्या त्या पहिल्या. परदेशातून त्यांना पत्रं येत, त्यांवर मायना 'प्रिय महाशय' असा असे. बाई ती वाचून मला म्हणत, "महाशय ठीक आहेत. घामतायत."

एवढं सगळं करून त्या यवतमाळच्या कॉलेजात शिकवायला का आल्या, असं लोक विचारत. बाईंना प्रश्नच कळत नसे. "अहो, असं ऊन जगात कुठं आहे? आणि फुकट!" कोणी थंड हवेच्या गावाचं कौतुक करावं तसं त्या आमच्या उन्हाचं करत. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून सगळं गाव पडून असायचं. बाई तेव्हा अंगणात येऊन तळहात पुढं करून उभ्या राहत आणि समाधानानं आत जात.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र ऊन नव्हतं, तहान होती. "तहान म्हणजे उशिरा येणारा कारकून," त्या म्हणत. "काम सगळं तुंबून पडलेलं असतं, आणि हा आरामात येतो, पान लावतो, अर्धंच काम करून घरी जातो." त्यांचं म्हणणं असं होतं की उन्हात राबणारा माणूस तहानेवर विसंबला तर घामात जेवढं जातं तेवढं पाणी कधीच पीत नाही. त्याला वाटतं भागलं. शरीर मात्र आतून सुकत जातं. जिनिंगमध्ये, शेतात, रस्त्याच्या कामावर लोक चक्कर येऊन पडतात ते यामुळे. हे पटवून देता आलं तर कामावर पाणी आणि विश्रांती ठरवून देता येईल, तहान लागण्याची वाट न पाहता. बाईंना एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं.

घरात त्यांचा माठ होता, त्यावर खुणा केलेला काचेचा पेला होता. येणाऱ्याला त्या सांगत, "माठ तिथं आहे. लागलं की घ्या, घेतलं की सांगा." त्या कोणाला पाणी आणून देत नसत, त्यांना कोणी आणून देत नसे. घरात त्या एकट्याच होत्या. सकाळी कामाला येणारी बाई स्वयंपाक झाकून जायची. दुपारी कधी मी डोकावलो तर बाई कागदांत बुडालेल्या, ओठ सुकलेले. मला ते थोडं विचित्र वाटायचं. पण मी कोण बोलणारा?

एकदा मात्र मी धीर करून विचारलं, "बाई, तुमचं स्वतःचं वजन किती?"

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "फळीवर मी उभी राहिले तर दांडीवरचं वजन कोण सरकवणार? तिथून हात पोचत नाही. वाचायला समोर दुसरा माणूस लागतो." यंत्रातली एखादी अडचण सांगावी तसं त्या बोलल्या आणि आत गेल्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. बाईंच्या निवृत्तीचं वय झालं होतं. त्यांचं संशोधन ज्या पैशावर चालायचं तो दिल्लीहून येत असे, आणि तो पुढं द्यायचा की नाही हे पाहायला तिथले एक मोठे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर काम चालू राहणार. नाही पटलं तर काटा सोडून सगळी उपकरणं परत जाणार आणि बाईंचं 'तहान खोटी आहे' हे म्हणणं अर्धवटच राहणार. बाई याबद्दल एकदाच बोलल्या. "त्यांना आकडे नको आहेत," म्हणाल्या. "त्यांना डोळ्यांनी बघायचं आहे. बघू दे."

दाखवायला माणसं तयार होती. तालमीतला पहिलवान बबन आणि त्याचे दोन दोस्त. आदल्याच आठवड्यात एका जिनिंगच्या मोकळ्या आवारात बाईंनी त्यांना पाठीवर पोतं देऊन उन्हात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. कमरेला मोजून भरलेली पाण्याची बाटली, तहान लागेल तेव्हा प्यायची. तिघांचीही वजनं उतरली होती. बबन तर निम्म्या फेऱ्यांतच भिंतीला टेकून बसला होता आणि म्हणाला होता, "बाई, कुस्तीत मानूस तरी दिसते. हे कोन पाडून राह्यलं मले, थेच दिसत नाई." बाटलीत पाणी उरलेलंच होतं. साहेबांपुढं हेच पुन्हा करायचं होतं.

पण साहेब येण्याच्या आधी ते आवार सरकीच्या साठ्यासाठी दिलं गेलं. बाई जागा शोधून थकल्या. तेव्हा मी म्हणालो, "आमच्या तांड्यावर... म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर... ऊन भरपूर आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "राठोड, हे आधी का नाही बोललास?"

काटा मोटारीच्या टपावर घालून घाटंजीपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं तांड्यावर नेला. तो नायकाच्या घरापुढच्या मांडवात ठेवला. आमचा नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, शब्दाचा पक्का माणूस. मी त्याला बाईंचा नियम समजावून सांगितला की चालणाऱ्यांनी कोणाकडे पाणी मागायचं नाही, कमरेच्या बाटलीतलंच प्यायचं. त्यानं सगळ्या तांड्यात तसं सांगून टाकलं. दरम्यान बायांची काट्यापुढं रांग लागली. हातभर बांगड्या, गळ्यात नाण्यांच्या माळा, केसांत चांदी. दागिने उतरवायचे का म्हणून कोणीतरी विचारलं तर बाई म्हणाल्या, "कशाला? जाताना हेच असणार." माझी याडी नायकाच्या बायकोपेक्षा थोडी जास्त भरली आणि दिवसभर खुशीत राहिली.

साहेब जीपनं आले. सूट, टाय, हातात टोपी. बाईंनी त्यांना खाली उतरू दिलं आणि लगेच काट्यावर चढवलं. "डॉक्टर साहिबा, मैं भी?" ते हसत म्हणाले. "येणारा प्रत्येक जण," बाई म्हणाल्या. ते मांडवात खुर्चीवर बसले. याडीनं पाण्याचा लोटा आणून पुढं धरला.

"नहीं माताजी, प्यास नहीं है."

"काय म्हंते हा?" तिनं मला विचारलं.

"तहान नाही म्हणतात."

याडीला अवघड झालं. इतक्या मोठ्या माणसाच्या हातात बळंच लोटा कसा द्यायचा? तिनं तो त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. साहेबांनी त्या पाण्याकडे, मग विहिरीकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

बबन आणि त्याचे दोस्त वजन देऊन निघाले. वाट मांडवापासून तलावाच्या बांधावर आणि तिथून तांड्याच्या मागच्या आळीनं परत अशी होती. बाई घड्याळ घेऊन मांडवात, मी काट्यापाशी. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. साहेब सांगत होते की ये लोग तो धूप के आदी हैं, इन्हें पानी कम लगता है. बाई म्हणत होत्या, "पाहू."

मला पाहून आश्चर्य वाटत होतं ते बबनचं. जिनिंगच्या आवारात तो निम्म्यात बसला होता. इथं प्रत्येक फेरीला त्याचा आवाज वाढत होता. एका फेरीला तो चक्क गाणं म्हणत आला.

सगळ्या फेऱ्या संपल्या. बबन काट्यावर चढला. मी दांडीवरचं वजन मागं सरकवलं, दांडी खाली यायला तयार नाही. थोडं पुढं सरकवलं, मग आणखी पुढं. सकाळपेक्षा जास्त. मी पुन्हा पाहिलं.

"वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचलं.

साहेब खो खो हसले. "डॉक्टर साहिबा, आपकी धूप में तो आदमी फलता-फूलता है!"

दुसरे दोघेही तसेच. एक जेवढ्यास तेवढा, एक थोडा जास्त. बाईंनी बबनच्या कमरेची बाटली काढून उजेडात धरली. काठोकाठ भरलेली.

"प्यायलाच नाहीस?"

"बाटलीतलं नाई, बाई."

"मग?"

बबन पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"कोणाकडे मागितलंस?"

"आईच्यान बाई, मांगितलं नाई! तोंड उघडाच्या आंधी हातात लोटा. गूळ काय, कांदा-भाकर काय, मिठाचा खडा काय. मागच्या आळीत एक घर सुटलं नाई. नाई म्हनलं त थे माय आंगावर येऊन राह्यली!"

त्यानं बोट दाखवलं ते माझ्या याडीकडे.

नायक घाईनं पुढं आला. "बाई, तुमी म्हनलं का मांगाचं नाई. कोनी मांगितलं नाई. मी स्वता पाहून होतो." तो खरं बोलत होता. उन्हातून आलेल्याच्या हातात पाणी न ठेवता त्याला दारावरून जाऊ द्यायचं, हे त्या नियमात बसतं असं तांड्यावर कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मीही तिथलाच.

"तो एक्सपेरिमेंट बिगड़ गया," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी आपले कागद आवरायला घेतले.

बाटली बाईंच्या हातात तशीच होती. मग त्या याडीपाशी गेल्या.

"तुम्ही या पोरांना तहान लागली का, असं विचारलं होतं?"

याडीला प्रश्न अजब वाटला. "इचारते कोन माय? उन्हातून आलेला मानूस इचारलं की नाईच म्हंते. मांगाची वाट पाह्याची, त मंग पाजनं कायचं?"

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या एकदम कळंबच्या झाल्या. "काहून रे बबन! जिनिंगात तू बसलता नं निम्म्यात?"

"बसलतो नं बाई. पार झोपलतो."

"आज?"

"आज अजून दोन फेऱ्या मारू काय?"

बाई साहेबांकडे वळल्या. त्यांचा आवाज आता वर्गात असतो तसा होता. "माणसं तीच, पोतं तेच, ऊन हे त्याहून कडक. फरक एकच. त्या दिवशी पाणी कधी प्यायचं हे तहानेनं ठरवलं. आज या बाईंनी ठरवलं. बिघडलं काही नाही, साहेब. मला जे पाहिजे होतं ते मला एकटीला जमलं नसतं. बबनची नाडी पाहा."

साहेबांनी नाडी पाहिली. दुसऱ्याची पाहिली. त्यांचं हसू गेलं आणि ते विचारात पडले. प्रामाणिक माणूस होता. नाडी पाहत असतानाच ते थोडे झुकले आणि त्यांनी काट्याच्या दांड्याला धरलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं. ज़रा चक्कर..."

"आता धरलाच आहे तर चढा," बाई म्हणाल्या.

सावलीत, खुर्चीवर बसून, कोणतंही ओझं न उचलता साहेबांचं वजन सकाळपेक्षा चांगलंच उतरलं होतं. लोटा खुर्चीशेजारी भरलेलाच होता. त्यांनी दांडीकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं. "लेकिन मुझे सचमुच प्यास नहीं थी," ते म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून थांबले. मग त्यांनी टाय सैल केला, लोटा उचलला आणि एका दमात रिकामा केला. याडीनं लगेच दुसरा भरला. जीपमध्ये बसताना ते बाईंना म्हणाले, "काम बंद नहीं होगा." ते झालंही तसंच. पण ते पुढचं.

जीपचा धुरळा खाली बसला. बबन आणि दोस्त पोरांना कुस्तीचे डाव दाखवायला गेले. नायकाकडे स्वयंपाकाची गडबड सुरू झाली. मांडवात बाई एकट्याच खुर्चीवर टेकल्या होत्या. सकाळपासून त्यांनी काही घेतलेलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी सांगणार इतक्यात याडी लोटा घेऊन आलीच. तिनं तो बाईंच्या हातातच ठेवला आणि वर त्यांची बोटं मिटवली.

"मला तहान नाही हो," बाई म्हणाल्या.

"तुले कोनी इचारलं, बाई?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लोटा तोंडाला लावला. सावकाश प्यायल्या, संपवला. याडीनं आणखी भरला. तोही संपवला. मग रिकामा लोटा दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. याडी त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि पदरानं वारा घालू लागली, स्वतःला आणि त्यांना.

काटा बैलगाडीत चढवायचा होता. मी दांडीवरचं वजन सोडवायला वाकलो तर बाई उठल्या, फळीपाशी आल्या आणि पदर सावरून वर चढल्या. चपलांसकट. त्यांना काट्यावर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खाली त्या मोठ्या दिसायच्या, तिथं एवढ्याशा दिसत होत्या.

"बघ रे किती भरते," त्या म्हणाल्या.

मी समोर जाऊन उभा राहिलो. वजन हळूहळू सरकवलं. दांडी वर-खाली झाली आणि थांबली. मी वाचलं, बाई म्हणतात तसं मोठ्यानं.

त्यांनी मान हलवली. मग नेहमीच्या त्या ठाम आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एका वजनाला अर्थ नसतो, राठोड. उद्या पुन्हा घ्यावं लागेल."

"हो बाई," मी म्हणालो. या वेळी अडखळलो नाही. "परवाही घेऊ."